गेटासमोर ठेवायला नळाचा माठ: माठ घ्या, नळ बदला

उन्हाळा लागला की नागपुरात रस्त्याच्या कडेला माठांच्या उतरंडी उभ्या राहतात आणि त्यात नळाचे माठ सगळ्यांत पुढे मांडलेले असतात. घरात वापरायला ते ठीकच आहेत. इथे पाहायचं आहे ते वेगळं: गेटाबाहेर, कडुनिंबाखाली, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी ठेवला तर १५ लिटरचा लाल मातीचा नळाचा माठ कितपत काम देतो? पाचपैकी गुण द्यायचे तर मातीला साडेचार, नळाला दोन.

आधी माती. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणजे आपल्या कूलरचंच गणित. पारा ४४ वर आणि हवेत ओलावा १५ टक्के असेल तर अशा रीतीने पाणी फार तर २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकतं. सावलीत, वाऱ्यावर ठेवलेला चांगला माठ त्याच्या दोन-चार अंश वर थांबतो. तहानलेल्या माणसाला तेवढं पुष्कळ, घसाही धरत नाही. जूनच्या शेवटी हवा दमट झाली की कूलर जसा नुसता वारा फेकतो तसा माठही गार करायचं सोडतो. तो माठाचा दोष नव्हे.

दोष असतो तो रंगात. फुलापानांची नक्षी काढून ऑइलपेंट मारलेले माठ दिसायला छान, पण रंगानं छिद्रं बुजतात. गळ्यापुरती नक्षी चालेल, पोट मात्र कोरं हवं. काळा माठ जास्त गार करतो असं विकणारे सांगतात. माती काळी की लाल यानं काही होत नाही, ती किती सच्छिद्र आहे त्यावर सगळं अवलंबून. घेताना बोटानं टिचकी मारा, खणखणीत वाजला पाहिजे. बद्द आवाज आला तर चीर असते. मग तिथंच पाणी भरायला लावा. नवा माठ सगळीकडून सारखा ओला होतो, तो त्याचा घाम. पण एकाच जागी काळपट ओली रेघ उमटली आणि तिच्या टोकाला थेंब धरला तर तो माठ परत उतरंडीवर ठेवा.

आता नळ, सगळी कटकट इथंच. माठाचं पोट गोल आणि वायसर सपाट, त्यामुळे वायसर नीट बसत नाही. गळायला लागलं की माणूस पान्हा घेतो, चेकनट (नळ माठाला धरून ठेवणारा नट) आवळतो आणि भोकाच्या कडेपासून चीर जाते. पान्हा लावूच नका. भोकाची कड पॉलिश पेपरनं हलकी घासायची, आतून एक आणि बाहेरून एक असे जाड, मऊ रबरी वायसर घालायचे, चेकनट हातानंच आवळायचा. पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी नळाच्या बुडाशी थेंब असेल तर हातानंच पाव फेरा आणखी. एम-सील थापून दिलेला माठ घेऊ नये, पिण्याच्या पाण्यात ते नको.

सोबत येणारा फिरकीचा प्लास्टिकचा नळ रस्त्यावर टिकत नाही. कोणी अर्धवट बंद करतं आणि तासाभरात माठ रिकामा. दाबला की वाहणारा, सोडला की मिटणारा स्प्रिंगचा नळ बसवा. बोअरच्या जड पाण्यानं त्याच्या स्प्रिंगवर क्षार धरतात. महिन्यातून एकदा काढून लिंबाच्या रसात तासभर बुडवला की पुन्हा मोकळा होतो.

आणखी एक खोट: नळ बुडापासून दीड-दोन इंच वर असतो, म्हणून खालचं दोनेक लिटर पाणी कधी बाहेर येतच नाही. रोज वरून भरत राहिलं की ते शिळं पाणी तिथंच राहतं. भरण्याआधी माठ कलता करून ते झाडाला घाला. उरतं १३ लिटर, म्हणजे पाव लिटरचे ५२ पेले.

तिवई माठासोबत मिळते ती बहुधा बुटकी असते. नळाखाली लिटरची बाटली उभी राहायला ११-१२ इंच मोकळी जागा लागते, आणि नळ तिवईच्या कड्याच्या पुढे यायला हवा, नाहीतर बाटली कड्याला अडते. डिलिव्हरीची मुलं, भाजीवाले, कचरागाडीवरचे लोक बाटलीच भरून घेतात, त्यामुळे हे माप चुकलं की माठ नुसता शोभेला. नळाखाली मातीचं परळ ठेवलं की सांडलेलं पाणी पाखरांना होतं. पण परळ रोज पालथं करून घासायचं.

पाणी रात्री नऊ-दहाला भरावं, सकाळपर्यंत गार होतं. गच्चीच्या टाकीचं दुपारचं पाणी घालू नये, ते निवायला संध्याकाळ उजाडते. ओलं गोणपाट गुंडाळायचं तर सैल, वारा लागेल असं. वर घट्ट बसणारी झाकणी, तिच्याखाली पातळ सुती फडकं. डेंग्यूचे डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या भिंतीला अंडी चिकटवतात. नुसतं पाणी बदलून ती निघत नाहीत. आठवड्यातून एक दिवस माठ रिकामा करा, काथ्या आणि जाड्या मिठानं आतून घासा आणि उन्हात कोरडा पडू द्या. साबण अजिबात नको, माती वास धरते आणि सोडत नाही. त्या दिवसासाठी दुसरा साधा माठ हाताशी असलेला बरा, नवतपा, म्हणजे मेअखेरचे तापलेले नऊ दिवस, सुट्टी देत नाही.

पेला साखळीला बांधायचा की नाही यावर वाद आहे. बांधायचाच तर स्टीलचा, आणि साखळी इतकी आखूड की पेला जमिनीला टेकणार नाही.

पाऊस लागला की नळ काढून ठेवा, माठ सुकवून पालथा घाला. पुढच्या वर्षी एक दिवस पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्या, मग वापरा. भरल्यावर बाहेरून घाम येत नसेल आणि पोटावर क्षारांची पांढरी खपली धरली असेल, तर छिद्रं बुजली. असा माठ पाणपोईतून काढायचा. नळाचं भोक तसंच ठेवून त्यात सुका पाला आणि भाजीची देठं टाकत गेलात तर खताला कामी येतो.