कॉर्क म्हणून पाठवला छापील फोम

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं मोबाइलवर हल्ली ‘इको-फ्रेंडली कॉर्क योगा मॅट’ची जाहिरात फिरतेय. मॅटवर मधोमध मेक्सिकोतल्या जुन्या अ‍ॅझ्टेक लोकांचा सूर्यपाषाण, म्हणजे कोरीव गोल शिळा, कडेनं त्यांचा पिसांचा नागदेव क्वेट्झालकोआट्ल. किंमत 2,499 रुपये, पैसे आधी भरले तर 300 सूट. टिळकवाडीतल्या आमच्या योगवर्गातल्या बायका चित्रावरच भाळल्या होत्या. माझं पार्सल आधी आलं म्हणून बाकीच्या वाचल्या.

जाहिरातीतली एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि सगळी बनवाबनवी तिच्याच आडून चालते. कॉर्कसाठी झाड तोडत नाहीत. कॉर्क ओकची साल तेवढी सोलतात, ती पुन्हा वाढते आणि साधारण 9 वर्षांनी परत सोलता येते. पहिल्या सालीसाठीच झाड पंचविशीला यावं लागतं. जगातलं जवळपास निम्मं कॉर्क पोर्तुगालचं. असला माल सवलतीवर सवलत देऊन कोण विकेल?

आला तो साधा फोम, वर कॉर्कचा फोटो छापलेला. खऱ्या कॉर्कचे दाणे दाबून पातळ थर करतात, त्यात एकासारखा दुसरा दाणा नसतो. माझ्या मॅटवर तोच काळा डाग वीत-वीतभर अंतरावर परत परत! ओलं झालं की कॉर्कची पकड वाढते. इथं अधोमुख श्वानासनात घामेजले हात असे सटकले की दात थोडक्यात वाचले. खाली नैसर्गिक रबर आहे म्हणे, पण रबराची मॅट चांगली जड असते. ही दोन बोटांवर उचलते, आणि वास नव्या रेक्झिनचा.

चित्राचंही तेच. खरा सूर्यपाषाण 1790 मध्ये मेक्सिको शहरात सापडला. त्यावर गोलाकार 20 दिवसांची चिन्हं आहेत: मगर, साप, हरीण, ससा वगैरे. माझ्याकडं त्या जागी नुसते रिकामे चौकोन, आणि कोपऱ्यात चिचेन इत्झाचा पिरॅमिड, जो मुळात अ‍ॅझ्टेकांचा नाहीच, माया या वेगळ्या लोकांचा!

परत पाठवते म्हटल्यावर एकाचा गोड हिंदीत फोन आला. “मॅडम, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, रिफंड जमा होईल.” पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. मी फोन कट केला. अशा फोनवर कुणाचे पैसे गेलेच तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा.

मालाची तक्रार 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर केली. तिथं मराठीतही बोलता येतं. कन्नडमध्ये लिहावं लागेल म्हणून आपल्याकडचे बरेच जण गप्पच बसतात, म्हणून मुद्दाम सांगते. ऑनलाइन विक्रेत्यानं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी जाहीर करायचा, असं ग्राहक संरक्षणाचे 2020 चे ई-कॉमर्स नियम सांगतात. या दुकानाच्या पानावर फक्त एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर होता. दुकान कुठल्याही राज्यातलं असो, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दावा आपल्या बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात लावता येतो, आणि मालाचे भरलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर फी नाही. पार्सलवरचं लेबल, पैसे भरल्याची पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, कारण ते पान आता गायब आहे. तेच फोटो दुसऱ्या नावानं 1,799 ला परत दिसायला लागलेत.