मुलीकडे कायमचे जाताना घर विकणाऱ्यांसाठी : आमच्या दादांचा अनुभव

मुले परदेशात स्थायिक झाली आहेत आणि निवृत्तीनंतर आपणही त्यांच्याकडे कायमचे जायचे असे ज्यांनी ठरवले आहे, अशा ज्येष्ठांच्या घरांवर नजर ठेवून असलेले दलाल आणि त्यांचे ठरलेले ग्राहक पुण्यात आहेत. माझे थोरले बंधू आणि वहिनी यांचा कोथरूडमधील टू बीएचके फ्लॅट अशाच एका जोडगोळीने अडकवला असून, गेले वर्षभर त्यांचा कुलमुखत्यार म्हणून मी हे प्रकरण सांभाळतो आहे. प्रकरण न्यायालयात असल्यामुळे संबंधितांची नावे देत नाही. मात्र त्यांची पद्धत इतकी ठरीव आहे की नावांवाचूनही ती ओळखू यावी.

पुतणी अमेरिकेची नागरिक असून न्यू जर्सीत राहते. नागरिक मुलांनी आई-वडिलांसाठी केलेल्या अर्जाला तिथे वार्षिक कोट्याची मर्यादा नाही. त्यामुळे भावंडांच्या अर्जांसारखी ही रांग वर्षानुवर्षे रेंगाळत नाही, पण एकदा मुंबईच्या वकिलातीत मुलाखत झाली की सगळे एकदम अंगावर येते. स्थलांतराचा व्हिसा साधारणपणे वैद्यकीय तपासणीपासून सहा महिन्यांपर्यंतच चालतो आणि त्यावर छापलेल्या तारखेपूर्वी अमेरिकेत पाऊल ठेवावेच लागते. दादांना डिसेंबर २०२४ मध्ये निघणे भाग होते. निघायची वेळ जवळ आली तरी घराला गिऱ्हाईक मिळाले नव्हते आणि चाळीस वर्षांचा संसार आवरायचा राहिला होता. घराच्या पैशांवर पुढची बरीच मदार होती. नव्याने गेलेल्या ६५ वर्षांवरील माणसाला तिथे मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, हप्ते भरून घ्यायचे म्हटले, तरी सलग पाच वर्षांचे कायम वास्तव्य आधी पूर्ण करावे लागते, आणि तोवरचा खाजगी आरोग्यविमा जावई-मुलीच्या खिशातून भरायला दादा तयार नव्हते.

दलाल घर पाहायला आला तेव्हा क्षेत्रफळ विचारण्याआधी त्याने ‘काका, तिकीट कधीचे आहे?’ असे विचारले होते, हे वहिनींना आजही आठवते. तेव्हा ती आपुलकी वाटली. मला आता वाटते की त्या घराची किंमत त्याच क्षणी ठरली. विकणारा कोणत्या दिवशी सही करायला हजर असणार आणि कोणत्या दिवसानंतर हजर असणार नाही, एवढे एकदा कळले की बाकीचे सगळे वेळापत्रक समोरच्याला आखता येते. ग्राहक तिसऱ्याच दिवशी पत्नीसह आला, वहिनींच्या पाया पडला, घासाघीस न करता १ कोटी १२ लाखांना हो म्हणाला आणि दहा लाखांच्या विसाराचा धनादेश देऊन गेला. तो धनादेश वटला. अशा व्यवहारात पहिला धनादेश नेहमी वटतो.

ग्राहकाकडे एका बँकेचे कर्ज-मंजुरीचे पत्र होते. असे पत्र बहुधा केवळ उत्पन्नाच्या कागदांवर मिळते. मालमत्तेची कायदेशीर तपासणी आणि मूल्यांकन त्यानंतर होते आणि पैसे त्याच्याही नंतर सुटतात. पत्राच्या दुसऱ्या पानावर हे सगळे लिहिलेले असते. पण दाखवताना ते पहिल्याच पानावर घडी घालून दाखवले जाते. नोंदणी झालेले साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार, असल्याशिवाय बँक पुढे सरकत नाही, हे दलालाचे म्हणणे मात्र खरे होते, आणि या प्रकारात गुंतलेली बहुतेक विधाने अशीच खरी असतात. मुद्रांक शुल्कही ग्राहकानेच भरले. फ्लॅट पत्नीच्या नावाने घेतल्यामुळे महिलांसाठीची एक टक्क्याची सवलत धरून सहा टक्के, म्हणजे पावणेसात लाखांच्या आसपास, आणि वर नोंदणी फी ३० हजार. एवढा पैसा सरकारजमा करणारा माणूस बुडवेल कशाला, असा विचार दादांनी केला आणि त्यांच्या जागी कोणीही तोच केला असता. विसार धरून सुमारे सतरा लाख खर्चून पुढे काय पदरात पडणार होते, याचा हिशेब ग्राहकाने आधीच मांडला असावा.

साठेखताचा मसुदा दादांच्या वकिलांनी आठवडाभर आधी तपासला होता. दुय्यम निबंधक कार्यालयात प्रत्यक्ष सहीसाठी जो आला, तो मात्र दुरुस्त केलेला होता. टोकन पुकारले जात होते, ओळखदार म्हणून आलेले दोघे घड्याळ पाहत होते, वहिनींना अंगठा लावायला आणि कॅमेऱ्यासमोर बसायला बोलावले जात होते, आणि ‘बँकेने दोन ओळी घालायला सांगितल्या, काका, बाकी तेच आहे’ एवढ्या बोलण्यावर पाने उलटली गेली. त्या दोन ओळींपैकी एकीत, कर्ज वितरणास विलंब झाल्यास उर्वरित रकमेची मुदत आपोआप वाढेल, असे म्हटले होते. दुसरीत, रंगकाम व फर्निचरच्या कामासाठी घराचा ताबा साठेखताच्या दिवशीच खरेदीदारास दिला आहे, असे नमूद होते. वकील त्या दिवशी दुसऱ्या न्यायालयात होते. ही तारीखही दलालानेच सुचवलेली होती.

ताब्याच्या या ओळीचे वजन सर्वसामान्य माणसाच्या लक्षात येत नाही. लेखी आणि नोंदणीकृत कराराखाली ज्याला ताबा मिळाला आहे आणि जो आपली बाजू पुरी करायला तयार आहे असे दाखवतो, त्याला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५३-अ खाली संरक्षण मागता येते. म्हणजे पूर्ण किंमत न देताही तो घरात राहतो आणि बाहेर काढायचे ओझे विकणाऱ्यावर येते. सोसायटीचे मूळ शेअर सर्टिफिकेटही ‘बँकेच्या छाननीसाठी’ म्हणून दलालाने नेले होते. बँकेला ते लागते खरे, पण ते पैसे सुटण्याच्या वेळी विकणाऱ्याने स्वतः नेऊन द्यायचे असते.

इथे वहिनींचे एक सांगितले पाहिजे. दलालाने सर्वाधिकाराचे मुखत्यारपत्र आपल्या नावाने करून मागितले होते, म्हणजे काका-काकूंना खरेदीखतासाठी परत यायचा त्रास पडू नये. दादा जवळजवळ तयार झाले होते. ‘तो आपला कोण?’ एवढाच प्रश्न वहिनींनी विचारला आणि विषय संपवला. मुखत्यारपत्राच्या आधारे मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. पण खऱ्या मालकाचा मुखत्यार म्हणून त्याने स्वतःच खरेदीखतावर सही करून पैसे पावल्याची कबुली दिली असती, तर आज भांडायलाही काही उरले नसते. घर अजून दादांच्या नावावर आहे ते वहिनींच्या त्या प्रश्नामुळे.

उर्वरित रकमेपोटी ग्राहकाने १५ डिसेंबर २०२४ या तारखेचा धनादेश ‘तारण’ म्हणून दिला. कर्ज सुटले की तो परत घ्यायचा आणि न सुटल्यास वटवायचा, असे ठरले. दादा परदेशी जाणार म्हणून तो दलालाकडे ठेवण्यात आला. त्यानंतर दर आठवड्याला न्यू जर्सीला संदेश जाऊ लागले : शाखाधिकारी रजेवर आहेत, मूल्यांकनाचा अहवाल आला, एक सही राहिली, पुढच्या सोमवारी नक्की. मार्च संपत आल्यावर दलालाने अत्यंत नम्रपणे तो धनादेश माझ्याकडे आणून दिला. भारतात धनादेशाची मुदत त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांची असते. १५ मार्च उलटून गेली होती. मुदतीत भरलेला धनादेश न वटता परत आला असता, तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग १५ दिवसांची वाट, आणि त्यानंतर महिनाभरात फौजदारी तक्रार, असा धनादेश न वटल्याबद्दलच्या कलम १३८ चा सरळ रस्ता होता. तो रस्ता बंद होईपर्यंतच ती सोमवारची आश्वासने चालू होती. धनादेश घेताना मी दलालाला बसायला सांगितले नाही, याचे त्याला वाईट वाटल्याचे नंतर कानावर आले.

त्याच सुमारास कराची भीती घालायला सुरुवात झाली. ‘३१ मार्चनंतर तुम्ही एनआरआय, मग एक टक्क्याऐवजी भरमसाट टीडीएस कापावा लागेल, तेव्हा आत्ताच कमी किमतीत उरकून टाका’ असे दादांना कळवण्यात आले. हेही अर्धे खरे होते. प्राप्तिकरासाठी रहिवासी कोण हे त्या आर्थिक वर्षात भारतात काढलेल्या दिवसांवरून ठरते, आणि एप्रिल ते डिसेंबर असे १८२ दिवसांहून अधिक काळ इथे राहिलेले दादा २०२४-२५ या वर्षापुरते रहिवासीच होते. रहिवाशाकडून ५० लाख किंवा त्याहून अधिक किमतीची मालमत्ता घेताना खरेदीदार एक टक्का कापतो. पुढच्या वर्षापासून अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत भांडवली नफ्याच्या दराने, म्हणजे १२.५ टक्के अधिक अधिभार व उपकर, कपात होते. शिवाय २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन २० टक्के दराने कर भरण्याचा पर्यायही अनिवासी व्यक्तीला मिळत नाही. दलालाने यातले एवढेच सांगितले नाही की प्राप्तिकर विभागाकडे अर्ज करून कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र मिळवता येते, आणि जास्त कापलेला कर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. करापोटी चार पैसे जास्त अडकून राहणे वेगळे आणि घर चोवीस लाखांनी स्वस्तात देणे वेगळे.

चोवीस लाख म्हणण्याचे कारण असे की एप्रिलमध्ये ग्राहकाचा खरा प्रस्ताव आला. बँकेने मूल्यांकन कमी केले, इमारत जुनी आहे, त्यामुळे एकूण ८८ लाख घ्या, नाहीतर आम्ही न्यायालयात जातो आणि तुम्ही अमेरिकेतून तारखा करत बसा. एव्हाना तो कुटुंबासह घरात राहायला आला होता. दरवाजावरची दादांच्या नावाची पितळी पाटी काढून बुटांच्या कपाटावर उताणी ठेवलेली मी पाहिली.

पोलीस ठाण्यात प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याचे सांगण्यात आले. आम्ही वकिलांमार्फत नोटीस पाठवली, तोवर ग्राहकाने शिवाजीनगर न्यायालयात करारपूर्तीचा दावा दाखलही केला होता. शिवाय, महाराष्ट्रात प्रलंबित दाव्याची जी नोटीस नोंदवता येते, ती लिस पेंडन्सची नोटीसही त्याने नोंदवून टाकली. आता कोणीही शोध अहवाल काढला की ती समोर येते आणि दुसरे गिऱ्हाईक त्याच पावली परत फिरते. नोंदणीकृत साठेखत एकतर्फी रद्द करता येत नाही. दोघांच्या सह्यांचे नोंदणीकृत रद्दपत्र लागते किंवा न्यायालयाचा हुकूम लागतो.

मला मुखत्यारपत्र देण्यासाठी दादांनी तिथल्या नोटरीसमोर सही करून न्यू जर्सी राज्याचे अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे प्रमाणीकरण, घेतले. असा कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावा लागतो. सख्ख्या नातेवाइकाला मोबदल्याशिवाय दिलेल्या मुखत्यारपत्राला ५०० रुपयांचा मुद्रांक पुरतो. परक्याला विक्रीचा अधिकार दिल्यास मात्र खरेदीखताइतके शुल्क बसते, आणि शासनाने हा फरक ठेवला आहे त्यामागे पुष्कळांचे अनुभव असावेत. तरीही मुखत्याराच्या मर्यादा आहेत. व्यवहाराच्या वेळी मालकाला जे प्रत्यक्ष ठाऊक होते, त्याबद्दल मुखत्यार साक्ष देऊ शकत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ सालचा निर्णय आहे. दादांची साक्ष दादांनीच द्यायला हवी. त्यांनी मोठ्या मुक्कामासाठी इथे यावे म्हटले, तर सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास अमेरिकेत परत शिरताना प्रश्न विचारले जातात आणि वर्षाहून अधिक राहिल्यास ग्रीन कार्डच धोक्यात येते. ग्राहकाच्या वकिलांना हे पक्के ठाऊक आहे. त्यांनी मागितलेल्या तारखा पाहिल्या की कळते.

ओळखीतल्या जोडप्यांना मी आता सांगतो की निघण्यापूर्वी घर विकलेच पाहिजे असे काही नाही. परदेशी स्थायिक झाल्यावरही घर सवडीने विकता येते, पैसे अनिवासी भारतीयांच्या एनआरओ खात्यात जमा होतात आणि कर भरल्यानंतर सनदी लेखापालाच्या दाखल्यासह आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. घर भाड्याने दिले तरी सोसायटीला बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. विकायचेच असेल तर तिकिटाची तारीख कोणालाही सांगू नये. ताबा खरेदीखताच्या टेबलावर, पूर्ण रक्कम खात्यात दिसल्यावरच द्यावा. ठरलेल्या दिवसापर्यंत पैसे न आल्यास वापरण्यासाठी ग्राहकाने सही केलेले रद्दपत्र दोघांना मान्य वकिलाकडे ठेवून घ्यावे. त्याची नोंदणी त्या सहीने आपोआप होत नाही, पण न्यायालयात त्याला वजन येते, आणि ज्याला खरेच घर घ्यायचे असते तो या अटीला फारसा हरकत घेत नाही. मंजुरीपत्र देणाऱ्या शाखेत स्वतः जाऊन विचारावे. आम्ही नंतर गेलो तेव्हा कळले की त्या पत्राची मुदत साठेखताच्या आधीच संपली होती.

दादांची साक्ष दूरदृश्य प्रणालीद्वारे घ्यावी, असा आमचा अर्ज सध्या न्यायालयापुढे आहे आणि दुसऱ्या बाजूने त्याला लेखी हरकत घेतली आहे. सोसायटीच्या नोंदीत सभासद अजून दादाच असल्याने मासिक देयक त्यांच्या नावाने येते. घरात राहणारे ते भरत नाहीत. ते मी भरतो, कारण थकबाकी साचू दिली तर उद्या निकाल आमच्या बाजूने लागूनही विक्रीच्या वेळी सोसायटीचा दाखला अडेल.