कॉलेज रोडवरचा ‘रिसर्च करिअर’ कोर्स: साडेसहा हजार, बारा रविवार आणि एक पेन ड्राइव्ह

आधीच सांगते, क्लासचं नाव टाकणार नाही, कारण तिथे शिकवायला येणारा दादा खरंच चांगला होता आणि माझ्यामुळे त्याच्या पोटावर पाय यायला नको. पण बीएस्सी फिजिक्सला असाल किंवा तुमचं पोरगं असेल तर वाचा, कारण जून आला की असल्या क्लासचे फ्लेक्स परत लागतात, टेलिस्कोपचा फोटो आणि खाली ‘मर्यादित जागा’.

मी ओझरहून नाशिकला येऊन-जाऊन करते. एसवायला होते तेव्हा आई आणि मी चौकशीला गेलो. एसी केबिन, काचेचं टेबल, समोरचे सर आईला म्हणाले तुमची मुलगी इस्रोत जाऊ शकते. आईने एवढंच विचारलं की रविवारी किती वाजता सुटणार. फी ६,५०० रुपये, ती आईच्या भिशीतून गेली, म्हणून हा रिव्ह्यू जरा चिडूनच लिहितेय, समजून घ्या.

कोर्स काय तर फिजिक्सच्या मुलांना बीएस्सी चालू असताना कुठल्या परीक्षा, कुठले समर प्रोग्राम, कुठल्या स्कॉलरशिप, फॉर्म कधी, हे सगळं बारा रविवारांत. कल्पना वाईट नाही हो, खरंच नाही. नाशिकच्या मुलाला हे कोणी सांगतच नाही. बारावीपर्यंत जेईई-सीईटीवाले दारात येऊन सांगतात आणि एकदा बीएस्सीला अॅडमिशन घेतलं की जणू आपण वारलोच.

पहिल्या रविवारी ८० पानांची स्पायरल फाइल मिळाली. घरी जाऊन मी आणि मैत्रिणीने एकेक नाव शोधलं तर त्यातलं जवळपास सगळं त्या त्या संस्थेच्या साइटवर फुकट आहे, काही पानांवर तर संस्थेचा लोगो पण तसाच राहिलाय, कॉपी करताना काढायचा राहिला असणार. म्हणजे आपण पैसे देतो ते झेरॉक्स आणि स्पायरलचे.

सगळ्यात राग आला तो इन्स्पायरवरून. चौकशीच्या वेळी सांगितलं होतं की वर्षाला ८०,००० वाली स्कॉलरशिप ‘मिळवून देण्यात मदत करू’. तिसऱ्या रविवारी कळलं की ती मुख्यतः बारावीला बोर्डात वरच्या १ टक्क्यात असलेल्यांना असते आणि फॉर्म डिग्रीच्या पहिल्या वर्षालाच भरायचा असतो. मी एसवायला, मार्क ७१ टक्के. आता ह्यात कोण कसली मदत करणार, माझी बारावी परत देणार का?

तसंच नियसचं. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा प्रोग्राम आहे, मुंबईत मानखुर्दला, डिग्रीच्या अगदी सुरुवातीच्या मुलांना कॅम्पला बोलावतात आणि पुढे काहींना प्रोजेक्ट मिळतो. सकाळची पंचवटी धरायची, दादरला उतरायचं, लोकलने कुर्ला आणि तिथून हार्बरने मानखुर्द, इतकं जवळ आहे ते आपल्याला. पण एफवायला असताना मी हे नावच ऐकलेलं नव्हतं. एफवायवाल्यांनो, हा पॅरा दोनदा वाचा.

आता जे चांगलं ते पण सांगते. जॅमचे, म्हणजे आयआयटीसारख्या ठिकाणी एमएस्सीला जायच्या परीक्षेचे, तीन रविवार मस्त झाले. तो दादा स्वतः जॅम देऊन एमएस्सी केलेला होता. ३ तास, ६० प्रश्न, १०० मार्क, त्यात एमसीक्यूला निगेटिव्ह असतं, पण १० प्रश्न एमएसक्यू असतात, म्हणजे एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात. तिथे निगेटिव्ह नाही पण अर्धवट बरोबरला मार्क पण नाहीत, आणि शेवटचे २० प्रश्न असे की उत्तराचा आकडाच टाकायचा. दादा म्हणाला पोरं एमसीक्यूवर घाम गाळतात आणि आकडेवाल्या प्रश्नांत युनिटला मार खातात, मग बसून कॅल्क्युलेशनच करून घेतलं त्याने, व्हर्च्युअल कॅल्क्युलेटर वापरून. मला इथे खरंच फायदा झाला. जुने पेपर साइटवर फुकट आहेत, पण समोर बसवून चूक दाखवणारा माणूस फुकट नाही मिळत.

असं मला वाटायचं. मग नोव्हेंबर आला.

तीन सायन्स अॅकॅडमी मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात, उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाकडे जाऊन काम करायचं. फॉर्मबरोबर आपल्याला काय करायचंय ते लिहून द्यावं लागतं आणि शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. क्लासने आम्हाला ‘रेडी स्टेटमेंट’ दिलं, नाव आणि कॉलेज बदलायचं फक्त. सुरुवात अशी की लहानपणी गच्चीवर झोपून तारे बघताना मला प्रश्न पडायचा. आमच्याकडे गच्चीच नाही, पत्रे आहेत.

ते घेऊन मी डिपार्टमेंटच्या सरांकडे गेले, शिफारसपत्र पाहिजे म्हणून. सरांनी वाचलं, ड्रॉवर उघडला आणि तीन कागद काढून टेबलावर ठेवले. तिन्हीवर तेच तारे, तीच गच्ची. म्हणाले, ह्या आठवड्यात चौथी गच्ची आली.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. सर ओरडले नाहीत, चहा मागवला आणि विचारलं की मागच्या सेमिस्टरला न्यूटन्स रिंग्जच्या प्रॅक्टिकलमध्ये तुझी लेन्सची त्रिज्या एवढी का चुकली होती. मी म्हटलं बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलली की स्क्रू आधी थोडा नुसताच फिरतो, कारण मी ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा स्क्रू थोडा पुढे गेला म्हणून मागे फिरवून रीडिंग घेतलं होतं, एकाच दिशेने जायला पाहिजे होतं. आणि ते कळलं कसं? तर दोन्हीकडून वेगवेगळी रीडिंग घेऊन बघितली तेव्हा. सर म्हणाले हे लिही ना मग. तुझं स्वतःचं एवढंच आहे आणि एवढं पुष्कळ आहे. तीन वेळा लिहून घेतलं माझ्याकडून, प्रत्येक वेळी लाल पेन. पैसे शून्य. माझं सिलेक्शन नाही झालं हे प्रामाणिकपणे सांगते, पण माझ्या मैत्रिणीचं झालं, ती पण त्या चार गच्चीवाल्यांपैकीच एक, तिने पण सरांकडे बसूनच नवीन लिहिलं होतं. ती मे-जून पुण्यात राहून काम करून आली आणि आता तिच्या तोंडी फक्त व्हॅक्यूम पंप.

मग जानेवारीत एनजीपीई. भौतिकशास्त्र शिक्षकांची जी देशभरातली संघटना आहे ना, आयएपीटी, ती बीएस्सीच्या मुलांसाठी ही परीक्षा घेते. क्लासच्या फाइलमध्ये ह्याला अडीच ओळी. आमच्याकडे सरांनी स्वतः नावं गोळा केली, नऊ जण बसलो. पेपर वाचून मी पहिली दहा मिनिटं नुसती बसून होते, आपल्या युनिव्हर्सिटीच्या पेपरसारखं ‘डिराइव्ह करा’ नाहीच, विचार करायला लावतात. बाहेर येऊन पाववडा खाताना पण भांडणं चालू होती की तो पाण्यात तरंगणारा ठोकळा वर येईल का खाली जाईल. असं भांडण बारा रविवारांत एकदाही झालं नव्हतं.

आणि २८ फेब्रुवारीचं खोडद, ह्यावर मी पानं लिहू शकते. विज्ञान दिन, १९२८ ला ह्याच तारखेला रामन इफेक्टचा शोध लागला म्हणून. जीएमआरटी, म्हणजे खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण, बघायला सर आम्हाला १७ जणांना लाल परीने घेऊन गेले. ठक्कर बाजारवरून पहाटे निघालो, सिन्नर, संगमनेर, चंदनापुरी घाटात दोघींना उलट्या, आळेफाटा, मग नारायणगावला उतरून जीप. मुलींना एसटीत अर्ध तिकीट, त्यामुळे पोरं आम्हाला टोमणे मारत बसली. नारायणगाव म्हटलं की आमच्या घरी तमाशाच्या राहुट्या आठवतात, आजोबांनी तर डोळा मारून विचारलं की कसली दुर्बीण बघायला चाललीस गं.

शेतातनं वळण घेतलं आणि पहिली डिश दिसली. ४५ मीटर व्यास, आख्खी बिल्डिंग आडवी केली असं समजा, अशा ३० आहेत. १४ मधोमध एका किलोमीटरच्या पट्ट्यात आणि बाकीच्या १६ तीन फाट्यांवर लांब पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत २५ किलोमीटर. मोबाइल बंद करायला लावतात कारण दुर्बीण रेडिओ लहरी ऐकते आणि आपला फोन म्हणजे तिच्या कानात ढोल. आणि डिश अख्खी पत्र्याची नाही, तारेची जाळी आहे, तिच्यातून पलीकडचं आकाश दिसतं. मी तिथल्या एका ताईला विचारलं की ह्यातून पाऊस आरपार जातो तर लहरी कशा अडतात. ती म्हणाली जाळीची भोकं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची आणि लहर वीस सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत लांब, लहरीला ती जाळी भिंतच वाटते. वर फायदा असा की वारा आरपार जातो, डिशवर जोर कमी, म्हणून सांगाडा हलका करता आला आणि पैसे वाचले. एवढं साधं! क्लासमध्ये हीच गोष्ट एका स्लाइडवर होती, ‘जीएमआरटी: पॅराबोलिक डिशेस’ आणि पुढची स्लाइड.

ह्या आख्ख्या दिवसाचा खर्च येणंजाणं, जीप आणि आळेफाट्याची मिसळ धरून क्लासच्या एका रविवारापेक्षा कमी. मिसळ आपल्यासारखी नाही पण, रस्सा गोड.

आता कॉलेजची बाजू घेतेय असं वाटेल, तर तसं पण नाही. आविष्कारची, म्हणजे कॉलेजच्या मुलांच्या संशोधन स्पर्धेची, नोटीस आमच्या बोर्डावर लागली तेव्हा पोस्टर द्यायला दोन दिवस उरलेले, दोन दिवसांत कोण संशोधन करणार. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सूचना येतात पण त्या फीच्या नोटीस, गुड मॉर्निंग आणि कोणाचं तरी हरवलेलं आयकार्ड ह्यांच्या मधे, म्हणून अर्ध्या वर्गाने ग्रुप म्यूट केलाय. सरांचा खरा बोर्ड लॅबच्या दाराआड आहे, दार उघडलं की झाकला जातो, वर्षभर मी त्याच दारातून आत जात होते आणि मला दिसला नाही. स्टार द्यायचे तर सरांना पाच, बोर्डाच्या जागेला एक.

क्लासचं काय? नवव्या रविवारी मी उरलेले पैसे परत मागितले, म्हणाले बॅच सुरू झाली की रिफंड नाही, पावतीच्या मागे लिहिलंय. खरंच लिहिलेलं होतं, एवढ्या बारीक अक्षरात की व्हर्निअर लावून वाचावं लागेल. जास्तच बोलले तेव्हा ‘प्रीमियम मटेरियल’ म्हणून एक १६ जीबीचा पेन ड्राइव्ह हातात ठेवला. पाचपैकी दोन स्टार देतेय, एक जॅमवाल्या दादाचा आणि दुसरा पेन ड्राइव्हचा, आतली तीच ८० पानं उडवली मी आणि आता त्यात जॅमचे जुने पेपर आणि आमच्या सहा जणींच्या जर्नलची रीडिंग आहेत, मस्त चालतोय.