पांढरा पट्टा बघूनही गप्प बसलो: बनावट फिल्टरचे 18,574 रुपये 80 पैसे

रंगकामाच्या मास्कला लावायच्या ए2पी3 फिल्टरच्या 24 जोड्या, जोडी 640 रुपयांना, म्हणजे 15,360. त्यावर 18 टक्के जीएसटी 2,764.80. वर भाडं 450. भोसरीतल्या छोट्या पेंट शॉपसाठी, टू-पॅक पीयू (हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारणाऱ्या पोरांसाठी हा माल घेतला. 'सरप्लस स्टॉक', व्हॉट्सॲपवर फोटो, पैसे पूर्ण आगाऊ. पुढचं सांगायला नको. स्वस्ताला भुललो असं कुणी म्हणेल, पण नेहमीच्या डीलरकडे माल नव्हता आणि रंग मारायचा बूथ बंद ठेवणं परवडत नव्हतं. बिल मागितलं, ते आलंही. त्यावरचा जीएसटी क्रमांक रद्द झालेला आहे, हे पोर्टलवर दोन मिनिटांत दिसतं. आम्ही ते पैसे गेल्यावर पाहिलं.

त्याहून मोठी लाज पुढे आहे. पेटी उघडली तर फिल्टरवर नुसता पांढरा पट्टा. ईएन 14387 या युरोपियन मानकानुसार ए म्हणजे सेंद्रिय वाफा, पट्टा तपकिरी. पी म्हणजे धूळ आणि तुषार, पट्टा पांढरा. ए2पी3 वर दोन्ही पाहिजेत. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे, "साहेब, अमेरिकन माल आहे, त्यांच्यात व्हाइटच असतं." हे फोनवर ऐकलं ते स्टोअरमधल्या रंगांच्या तक्त्याखाली उभं राहून, आणि "बरं" म्हणून फोन ठेवला! अमेरिकेत मास्क-फिल्टरांना मान्यता देणाऱ्या नायॉश या संस्थेच्या पद्धतीत पांढरा म्हणजे आम्लवायू, सेंद्रिय वाफांना काळा. तिथे 'ए2पी3' अशी खूणच नसते. या डबीवर तर ए2पी3 च्या शेजारी एन95 ही अमेरिकन खूण सुद्धा छापलेली. दोन पद्धतींच्या खुणा एकाच फिल्टरवर दिसल्या की माल तिथेच परत करा. 'सीई' या युरोपियन खुणेच्या पुढे तपासणी संस्थेचा चार आकडी क्रमांक नव्हता, लॉट नंबर नव्हता. मुदत तेवढी ठसठशीत, 2030.

वजनानेही ओरडून सांगितलं होतं. 48 फिल्टरची पेटी एका हाताने उचलली गेली. नंतर काट्यावर ठेवलं तर एक फिल्टर 46 ग्रॅम. त्याच मापाचा जुना खरा 110. हॅक्सॉने कापला तर आत फोमची चकती आणि काळ्या कापडाचा एक थर. वाफ शोषणाऱ्या कोळशाचा दाणा औषधालाही नाही. म्हणजे रंगाचे तुषार थोडेफार अडले असतील, थिनरची वाफ सरळ छातीत.

नवा लॉट आला की एक तरी फिल्टर कापा, जीव तुटला तरी. न कापता पाहायचं तर मास्क चढवून दोन्ही फिल्टर तळहातांनी झाका आणि श्वास ओढा. मास्क आत खेचला जाऊन दहा सेकंद तसाच राहिला तर कडा बसल्या (दाढी असेल तर बसत नाहीत, वाद घालू नका). मग केळ्याच्या वासाचं आयसोअमाइल ॲसिटेट नाकाजवळ धरा. वास आला तर दोष फिल्टरचा. टोल्युइन (थिनरमधलं विषारी द्रावक) हुंगून परीक्षा घेऊ नका.

'वास आला की फिल्टर बदलू' हे पीयूला चालत नाही. हार्डनरमधलं आयसोसायनेट नाकाला कळायच्या आधीच घातक पातळीवर असतं. फिल्टर वापरायचाच तर तासांच्या हिशेबाने बदला. बूथमध्ये सतत काम असेल तर एअरलाइन मास्कच (नळीने बाहेरची स्वच्छ हवा देणारा) घ्या. थिनरच्या एसडीएसचं (सेफ्टी डेटा शीट, म्हणजे सुरक्षा माहितीपत्रक) कलम 9 वाचा: उत्कलनबिंदू 65 अंशांपर्यंत असेल तर ए चालत नाही, कमी तापमानाला उकळणाऱ्या द्रावकांसाठीचा एएक्स फिल्टर लागतो. ॲसिटोन 56 ला उकळतं. एसडीएस न देणाऱ्याकडून थिनर घेऊ नका. उघडा ठेवलेला कोळसा रात्रभर हवेतली वाफ पीत बसतो, म्हणून फिल्टर हवाबंद पिशवीत.

आता तक्रारीचं. चौकीत म्हणाले, "माल तर मिळालाय ना? मग हे दिवाणी." ग्राहक मंचाचं विचारलं तर धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही. 2019 च्या कायद्यात स्वयंरोजगाराने पोट भरणाऱ्याला सूट आहे, पण सहा पगारी माणसं म्हटल्यावर ती आम्हाला कुठली लागायला? कामगार सुरक्षेच्या कार्यालयात दोन खेटे घातले. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर. दुसऱ्यांदा प्रश्न आला, "अपघात झालाय का? झाला की कळवा." म्हणजे आधी कुणाची तरी फुप्फुसं जाऊ द्यायची! कापलेला फिल्टर टेबलावर ठेवला तर त्याला हात न लावता म्हणतात, सीलबंद नमुना आणा. पैसे गेल्याचं कळताक्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा असतो. आम्ही नवव्या दिवशी केला, तोवर ते खातं रिकामं झालेलं.

उरलेल्या 45 फिल्टरांवर लाल मार्करने फुली मारून पेटी कुलपात ठेवली आहे, नाहीतर कुणीतरी घाईत लावायचा. विकणाऱ्याच्या त्या नंबरच्या डीपीवर आता हेल्मेटं आहेत. 'सरप्लस स्टॉक'.