फोनमैत्री सेवा: आठवड्याचा एक फोन कुठे पुरतो, कुठे नाही

एलजीबीटी (समलिंगी, उभयलिंगी आणि ट्रान्स, म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी ओळख असलेल्या) ज्येष्ठांसाठीच्या फोनमैत्री सेवेत प्रशिक्षित स्वयंसेवक दर आठवड्याला ठरल्या वेळी अर्धा-पाऊण तास बोलतो. सेवेचा खरा कस लागतो तो फोन भलत्यानेच उचलला तेव्हा. ज्येष्ठ व्यक्ती भाच्याकडे राहत असेल आणि घरात काही माहीत नसेल, तर 'मी अमुक संस्थेतून बोलतोय' एवढ्यावर आयुष्यभर जपलेली गोष्ट उघडी पडते. म्हणून चांगली सेवा नोंदणीच्या वेळीच विचारून घेते: दुसऱ्या कुणी फोन घेतला तर काय सांगायचं, निरोप ठेवायचा का, सलग दोनदा फोन लागला नाही तर कुणाला कळवायचं. ट्रान्स व्यक्तीसाठी अर्जात दोन रकाने लागतात, एक हाक मारायच्या नावाचा, दुसरा घरच्यांसमोर घ्यायच्या नावाचा. पत्रं साध्या पाकिटात यावीत, वर संस्थेचा शिक्का नको.

गुप्ततेसाठी नंबर लपवणाऱ्या सेवा मात्र इथेच फसतात, कारण अनोळखी फोन बरेच ज्येष्ठ उचलतच नाहीत. एकच ठरलेला नंबर हवा आणि तो पहिल्याच दिवशी त्यांच्या फोनमध्ये साध्या नावाने सेव्ह करून द्यावा.

स्वयंसेवक बदलणं ही दुसरी दुखरी जागा. या पिढीतल्या अनेक समलिंगी पुरुषांनी एड्सच्या साथीत जिवलग गमावले आहेत. ओळखीचा आवाज न सांगता बंद झाला तर फार लागतं. निघणाऱ्याने दोन-तीन फोन आधी सांगावं आणि शेवटचा फोन नव्या माणसासोबत मिळून करावा.

औषधं आणि पैशाचे व्यवहार स्वयंसेवकाकडे नसतात, ते योग्यच आहे. पण दवाखान्यात 'नातं काय?' असं विचारलं की चाळीस वर्षांचा मित्रही परका ठरू शकतो. उपचारांचा निर्णय कोण घेणार हे आधीच कायदेशीर कागदावर लिहून ठेवायला जी सेवा मदत करते, ती मला जास्त मोलाची वाटते.

न्यूयॉर्कमध्ये १९७८ साली सुरू झालेल्या 'सेज' या संस्थेने घरी जाऊन भेटणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर ज्येष्ठांना एकत्र जमण्याची जागाही उभी केली. हा भाग फोनसेवांनी उचलायलाच हवा. एका वयाचे मित्र एकदमच थकतात, त्यामुळे महिन्यातून एकदा वेगवेगळ्या वयाच्या सहा-सात जणांचा सामूहिक फोन ठेवावा. तो होतो का, हे नाव नोंदवण्याआधी विचारा.