कोकोपॉड्स की स्विफ्ट पॅकेज मॅनेजर?

आयफोनसाठी नवं ॲप हातात घेतलं की हा प्रश्न लगेच येतो: बाहेरच्या लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, आणायच्या कशातून? त्यासाठीचं तिसरं साधन, कार्थेज, हल्ली नव्या प्रोजेक्टमध्ये फारसं कुणी घेत नाही, त्यामुळे निवड वरच्या दोघांतच. मी दोन्ही भरपूर वापरलेत.

कोकोपॉड्स 2011 पासून आहे आणि त्याचे उपकार मोठे आहेत. त्याआधी लायब्ररीच्या फाइली लोक हाताने प्रोजेक्टमध्ये ओढून टाकत. आजही पोस्ट-इन्स्टॉल हुकमध्ये (इन्स्टॉल झाल्यावर आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) चार ओळी लिहिल्या की सगळ्या पॉड्सची, म्हणजे त्यातून आणलेल्या लायब्ररींची, बिल्ड सेटिंग्ज एका दमात बदलतात. ही सोय मला पॅकेज मॅनेजरमध्ये मिळत नाही.

माझं मन फिरलं ते ब्रांच, म्हणजे गिटमधली कोडची वेगळी शाखा, बदलताना. सहकाऱ्याची पुल रिक्वेस्ट (त्याचे बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) तपासायला त्याची ब्रांच चेकआउट करावी, बिल्ड दाबावं, तर समोर लाल ओळ: सँडबॉक्स पॉडफाइल.लॉकशी जुळत नाही, पॉड इन्स्टॉल चालवा. पॉडफाइल.लॉकमध्ये कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती हवी ते लिहिलेलं असतं; इन्स्टॉल करताना तिची प्रत पॉड्सच्या फोल्डरमध्ये मॅनिफेस्ट.लॉक म्हणून पडते. हे फोल्डर गिटमध्ये ठेवलेलं नसेल तर त्यातली मॅनिफेस्ट.लॉक मागच्या ब्रांचचीच राहते. बिल्डच्या सुरुवातीची स्क्रिप्ट ती पॉडफाइल.लॉकशी ताडून बघते आणि फरक दिसला की अडवते. अडवते ते योग्यच. पण मग टर्मिनल उघडा, इन्स्टॉल होऊ द्या, इंडेक्सिंगची वाट बघा, आणि आपल्या ब्रांचवर परतलं की हेच सगळं पुन्हा. त्यात कुणाच्या मशीनवर कोकोपॉड्सची आवृत्ती वेगळी असली, की लॉक फाइलची शेवटची ओळ बदलून कारण नसताना कमिटमध्ये येते. रिव्ह्यू करणाऱ्याचं लक्ष अशाने फार मोडतं.

पॅकेज मॅनेजर 2019 च्या एक्सकोड 11 पासून एक्सकोडच्या, म्हणजे ॲप बनवायच्या ॲपलच्या सॉफ्टवेअरच्या, आतच आहे. ब्रांच बदलली की तो पॅकेज.रिझॉल्व्ड ही त्याची लॉक फाइल वाचून आवृत्त्या स्वतः जुळवतो. तोही निर्दोष नाही: मोठी लायब्ररी पहिल्यांदा उतरवताना बराच वेळ जातो, आणि कधीकधी ‘मिसिंग पॅकेज प्रॉडक्ट’ आलं की पॅकेज कॅशे रीसेट करावी लागते. पण असं माझ्या बाबतीत क्वचित होतं, ब्रांच मात्र रोज बदलते. रिसोर्सेस (चित्रांसारख्या फाइली) आणि बायनरी (आधीच बिल्ड केलेल्या लायब्ररी) चालत नाहीत हा जुना आक्षेपही 2020 च्या स्विफ्ट 5.3 नंतर उरला नाही.

दोघांचीच टीम असेल आणि लायब्ररी वर्षानुवर्षं त्याच राहत असतील, तर हा त्रास कदाचित जाणवणारही नाही. रिॲक्ट नेटिव्ह (जावास्क्रिप्टमधून ॲप बनवायचं साधन) वापरणाऱ्यांचं बरंचसं काम अजून पॉड्सवरच चालतं, त्यांनी घाई करू नये. पण कोकोपॉड्सच्या टीमने ट्रंक, म्हणजे पॉड्सच्या नव्या आवृत्त्या जिथे नोंदवतात ती जागा, 2 डिसेंबर 2026 पासून फक्त वाचण्यापुरतं ठेवायचं जाहीर केलंय. जुने बिल्ड चालतील, नव्या आवृत्त्या तिथे येणार नाहीत. म्हणून नव्या ॲपला मी तरी पॅकेज मॅनेजरच घेईन.

जुन्या ॲपमध्ये दोन्ही शेजारी शेजारी चालतात. एकेक लायब्ररी हलवत जा. फक्त एकच लायब्ररी दोन्हीकडून येत नाही ना, हे प्रत्येक वेळी बघा, नाहीतर लिंकिंगला डुप्लिकेट सिम्बॉल्सची रांग लागते.