शाळा सुटल्यानंतरचं केंद्र: कॉलेजची मुलं घ्यावीत की शेजारच्या ताई?

सकाळची शाळा साडेबाराला सुटते आणि आईबाबा घरी येतात रात्री साडेसात-आठला. नवी मुंबईतल्या ऐरोली-घणसोलीतली कितीतरी मुलं हे मधले तास आमच्यासारख्या केंद्रांत काढतात. तुम्हीही असं केंद्र काढणार असाल, तर कामाला माणसं कोणती घ्यायची, हे आधी ठरवा.

कॉलेजची मुलं चटकन मिळतात. गणित छान शिकवतात, मुलांसोबत पळतात. पण विद्यापीठाच्या परीक्षा बहुतेक दिवाळीच्या आगेमागे आणि एप्रिल-मेमध्ये येतात. शाळांना सुट्टी लागून मुलं दिवसभर आपल्याकडे असतात, नेमका तोच काळ. शिवाय नोकरी लागली की ती जाणारच, त्यात त्यांचा दोष नाही. आमचा एक दादा असाच गेला. दुसरीतली एक मुलगी चार दिवस पाठीवरचं दप्तर न काढता दारातच बसून होती, डबाही उघडेना. तेव्हापासून माणूस टिकणं मला पगाराइतकंच महत्त्वाचं वाटतं.

शेजारच्या ताई गणपतीत गावी जातात, घरी कुणी आजारी पडलं की खाडे होतात. पण बहुतेकदा आधी सांगून जातात, आणि परत येतात. इंग्रजीचा गृहपाठ काहींना जमत नाही, हे खरं. मात्र घर चालत जाण्याच्या अंतरावर हवं. कळव्याहून येणाऱ्या ताईंना ठाण्याला गाडी बदलावी लागते. एखादी आई उशिरा आली, तर रात्री आठनंतर त्यांना थांबवणं जिवावर येतं.

माझं मत स्पष्ट आहे: रोजची जबाबदारी ताईंकडे, अभ्यासाचा तासभर कॉलेजच्या मुलांकडे. ताईंना धरून ठेवायचं तर पगार ठरल्या तारखेला द्या आणि त्यांच्या मुलाला केंद्रात फुकट बसू द्या. आमच्याकडे पगारवाढीपेक्षा याचाच जास्त उपयोग झाला.

पोलीस पडताळणी दोघांचीही करा, ओळखीच्या ताई असल्या तरी. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे पहिल्याच दिवशी समजावून सांगा, आणि मुलांच्या मदतीसाठी असलेला 1098 हा हेल्पलाइन नंबर भिंतीवर लावा.

कुणी सोडून जाणार असेल, तर नवीन माणूस आठवडाभर आधी आणा. जुन्या ताईंच्या शेजारी बसून मुलांचे डबे उघडून देऊ दे.